अहो, पिसाचा मनोरा राहिला की!

अहो, ऐकलंत का? या ना जरा अशा जास्वंदीच्या बाजूला. तसं लपवण्यासारखं काही नाही म्हणा, पण समोरच्या डॉक्टरीणबाईंची खिडकी उघडी आहे आणि त्यांचं तोंड अजून उतरलेलंच आहे. सकाळी दूध घेताना पाहिलं ना मी. कढीपत्ता हवाय? तोडा, हवा तेवढा तोडा. तोडता तोडता ऐका.

कडेच्या बंगल्यातल्या वहिनी आणि भावजी इटलीहून आले, हे तर अख्ख्या प्राधिकरणाला कळलंय. रात्री दीडला टॅक्सी आली, कुत्र्यांनी सगळी लेन उठवली. पण कसे गेले होते, ते कळलं का? बोटीनं! म्हणजे इथून विमानानंच हो, पण तिथे गेल्यावर आठवडाभर बोटीवर. जिनोव्हाला चढायचं आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं खाली सिसिलीपर्यंत. आणि बोट केवढी? शंभरेक माणसांची. कॅसिनो नाही, नाचगाणं नाही. संध्याकाळी एक प्रोफेसर येऊन उद्याच्या गावाचा इतिहास सांगणार, मग जेवण, मग झोप. आमचे हे म्हणाले, "हे तर वसंत व्याख्यानमाला झाली." पण मला सांगा, त्यात वाईट काय?

डोक्यात कुणी भरवलं? पोरानं. त्यांचा मुलगा चाकणला ब्रेम्बोत आहे ना, बाइकचे ब्रेक बनवतात तिथे. त्याचा कुणी इटालियन साहेब मागे होळीला जेवायला आला होता. मीच आमटी नेऊन दिली होती म्हणून मला ठाऊक. गोरापान, उंच, मांडी घालता येईना, पण पुरणपोळ्या तीन खाल्ल्यान आणि वर कटाच्या आमटीची वाटी तोंडाला लावलीन. तोच म्हणाला म्हणे, की मोठ्या जहाजानं जाल तर जहाजच बघाल, आमची गावं बघायची तर लहान बोटीनं जा. ती छोट्या छोट्या बंदरांना लागते. वहिनींनी ते वाक्य तेव्हाच गाठीला बांधलं.

आता भिशीत ही बातमी फुटली तेव्हाची गंमत. वहिनी बिचाऱ्या हळूच म्हणाल्या, "आम्ही जरा इटलीला..." आणि डॉक्टरीणबाई काय म्हणाव्यात? "शंभरच माणसं? मग ती लाँच झाली! आमच्या क्रूझला नुसत्या लिफ्टच कितीतरी होत्या." मग ते सुरूच. अमका मजला, तमका मजला, स्विमिंग पूल, रात्री बारालाही पिझ्झा. "आणि व्हेनिसला तर," हात असा पुढे करून, "बोट थेट गावातून गेली, चर्च असं हाताला लागत होतं." मागच्याच वर्षी गेल्या होत्या त्या. वहिनी तेव्हा काही बोलल्या नाहीत. कॉफीच्या कपात बघत बसल्या. मला तेव्हाच वाटलं, हे कुठेतरी निघणार. पण त्याचं मागाहून सांगते, आधी निघू तर दे यांना.

आजोबा आठवतात ना त्यांचे? सासरे हो. चिंचवडगावातले, चापेकर वाड्याच्या गल्लीत बालपण गेलेलं. नव्वदीला टेकले, पण वाचा शाबूत. सुनेला म्हणाले, "जिनोव्हाला उतरताय ना, मग मॅझिनीला फूल वाहून या." पोरांना काही कळेचना. नातू म्हणाला, "आजोबा, मॅझिनी कोण? फुटबॉलवाला का?" अहो, घरात थरथराट! इटली एक करायला निघालेला तो मॅझिनी, त्याचं चरित्र सावरकरांनी लंडनला बसून मराठीत लिहिलं, १९०७ साली इकडे छापलं, सरकारनं जप्त केलं, पोरांनी चोरून वाचलं. हे सगळं आजोबांनी उभ्यानं ऐकवलं. मॅझिनी जिनोव्हाचाच, आणि त्याची समाधीही तिथल्याच स्मशानात, स्टाल्येनो म्हणतात त्याला. पुढे म्हणाले, "आमच्या वेळी बॅलार्ड पियरवरून इटालियन बोटी निघायच्या, व्हिक्टोरिया आणि एशिया. पोरं शिकायला जायची त्यातून. तुम्ही निघालात जेवायला." भावजींनी मान खाली घातली. पण फूल वाहिलंन हो. स्मशान टेकडीवर, एवढं अवाढव्य, पुतळेच पुतळे. शोधता शोधता दम लागला, पण वाहिलंन. फोटो आणलाय, आजोबांच्या उशाशी आहे.

तर काय सांगत होते... हां, जिनोव्हा. वहिनी म्हणाल्या, पहिल्याच दिवशी जेवायला काय मिळालं असेल, ओळखा. मी म्हटलं, पिझ्झा. छे! बेसन! चण्याच्या डाळीचं पीठ पाण्यात सैल कालवायचं, मीठ, भरपूर ऑलिव्ह तेल, आणि ही एवढी तांब्याची परात भट्टीत सरकवायची. फारिनाता म्हणतात. वरून मिरपूड. वहिनी म्हणतात, चव हुबेहूब आपल्या पिठल्याच्या वडीची, नुसती हळद-मिरची विसरल्यासारखी. भावजींनी तर आधी तोंड वाकडं केलं. एवढे लाख रुपये भरून धिरडं! मग तीन तुकडे खाल्ले. आणि शेवटी सिसिलीत, पालेर्मोला, पुन्हा बेसनच. त्याच्या वड्या थापून तळलेल्या, पावात घालून रस्त्यावर देतात, पानेल्ले. "वडापाव," भावजी म्हणाले, "जिनोव्हा ते पालेर्मो, सगळं आपलंच आहे, फक्त चटणी नाही." मधला पास्ता-बिस्ता झालाच. जिनोव्हाची ती हिरवी चटणी, पेस्तो, तुळशीच्या कुळातल्या पानांची. वहिनींना ती पाहून कसंसंच झालं. म्हणाल्या, "तुळस वाटलेली खाऊ कशी?" दोन दिवस नाही खाल्ली. तिसऱ्या दिवशी डबाच विकत घेतला.

आता खरी गोष्ट. जवळ या.

बोट लिव्होर्नोला लागली. लिव्होर्नो म्हणजे पिसाचं बंदर. आता पिसाला माणूस कशाला जातं? मनोऱ्याला हात लावून फोटो काढायला. वहिनींनी त्यासाठी मोरपंखी साडी वेगळी ठेवली होती. सकाळी नेसून तयार, आणि भावजी म्हणतात कसे, "तू जा सगळ्यांबरोबर, मी पोंतेदेराला जाऊन येतो."

पोंतेदेरा! अहो, पियाजिओची फॅक्टरी तिथे, आणि तिला लागून वेस्पाचं म्युझियम. भावजींचा जन्म गेला बजाजच्या आकुर्डी प्लँटमध्ये, स्कूटरच्या लाइनवर. तुम्हाला सांगायला नको, बजाजची स्कूटर आली ती याच पियाजिओकडून परवाना घेऊन. करार १९७१मध्ये संपला, मग पुढच्या वर्षी आपली चेतक. दहा-दहा वर्षं नंबर लागायचा नाही, आठवतंय ना? आमच्या लग्नात याद्या करताना वडिलांनी पहिला प्रश्न विचारला होता, "मुलानं स्कूटर बुक केलीय का?" नोकरी दुसरी. २००७ला आकुर्डीचं प्रॉडक्शन बंद झालं तेव्हा भावजी घरी येऊन नुसते बसून होते, आठवडाभर शेव्हिंग नाही. आता इलेक्ट्रिक चेतक पुन्हा आकुर्डीतूनच निघते म्हटल्यावर जरा... असो.

तर वहिनी म्हणाल्या, "पिसाचा मनोरा सोडून तुम्ही स्कूटर बघायला जाणार?" आणि यांचं उत्तर ऐका. म्हणतात, "अगं, पियाजिओचा धंदाच मुळी १८८४ साली जिनोव्हाला जहाजांच्या आतलं लाकूडकाम करण्यापासून सुरू झाला. म्हणजे हासुद्धा क्रूझचाच भाग आहे." आता यावर काय बोलणार! वहिनी रागारागानं त्यांच्याबरोबरच निघाल्या. का, तर या माणसाला एकट्याला सोडलं तर बोट चुकवेल. मोरपंखी साडीत, स्कूटरच्या म्युझियममध्ये.

पण तिथलं जे त्या सांगतात ना, हसता हसता पुरेवाट. एक म्हातारा इटालियन भेटला, त्याच कारखान्यातून रिटायर झालेला. त्याला इंग्रजी येत नाही, भावजींचं जेमतेम. पण दोघे हातानं बोलत सुटले! भावजींनी स्कूटर डावीकडे तिरकी करून मग किक मारायची नक्कल केली आणि म्हातारा टाळ्या पिटायला लागला. मग त्यानं ती पहिली, १९४६ची दाखवली. ज्यानं तिचं डिझाइन केलं तो दास्कानियो, तो होता विमानवाला, हेलिकॉप्टरवाला. त्याला मोटरसायकल मुळीच आवडायची नाही, कपडे खराब होतात म्हणून. त्यानंच मग इंजिन झाकलं, पुढे पाय ठेवायला जागा केली. वहिनी मला म्हणाल्या, "मला तेव्हा एक कळलं. साडी नेसून आपण इतकी वर्षं मागे बसलो, ती त्या माणसाच्या कृपेनं." पण हे त्यांनी भावजींना सांगितलं नाही हं! तिथून निघाल्यापासून नेपल्स येईपर्यंत अबोला. बोटीवरच्या सगळ्यांना कळलं. एक जर्मन बाई येऊन विचारून गेली, "एव्हरीथिंग ऑलराइट?"

बोट काय, कुणासाठी थांबत नाही. सहाला सुटायची म्हणजे सहाला. मुलगा म्हणतो तिथे ट्रॅफिकचं निमित्त सांगून उशिरा येणारी तळेगाव-चाकण रोडवाली माणसं नेऊन बसवायला हवीत.

तर नेपल्स. आता बाजी उलटली बघा. वहिनींचं माहेर कुठलं? भोकरदन. जालन्याचं. आपण कधी मनावर घेतलं का? भिशीत "भोकरदन" म्हटलं की डॉक्टरीणबाई विचारणार, "ते कुठे आलं?" दर वेळी. वहिनी शाळेत होत्या तेव्हा, १९७३च्या सुमाराला, नागपूरच्या आणि औरंगाबादच्या विद्यापीठांनी गावाजवळ उत्खनन केलं होतं. यांचे वडील जाऊ द्यायचे नाहीत, ह्या केळना नदीवर जायचं निमित्त करून बघायला जायच्या. त्यात हस्तिदंताच्या छोट्या मूर्ती मिळाल्या, बायकांच्या. आता पॉम्पे तर तुम्हाला माहीतच आहे. व्हेसुव्हियसची राख पडून अख्खं गाव गाडलं गेलं, सन ७९ला. तिथे एका घरात १९३८ साली हस्तिदंताची एक बाई सापडली. जेमतेम वीतभर. भारतातली. सगळे तिला लक्ष्मी म्हणायला लागले, कुणी म्हणतं यक्षी. आधी वाटलं मथुरेची असेल. मग आपल्या डेक्कन कॉलेजच्या ढवळीकर सरांनी म्हटलं, नाही, भोकरदनला सापडल्या त्यांच्याशी हिचं साम्य आहे, ती तिकडचीच असावी. तेरलाही तशीच एक मिळालीय.

आणि ती आहे नेपल्सच्या म्युझियममध्ये. कुठल्या दालनात? सांगू? गुप्त दालनात! हो, नावच तसं आहे. पॉम्पेत जे जे... म्हणजे चित्रं, मूर्ती, दिवे, सगळं नको तसलं, ते एका खोलीत ठेवलंय. लहान मुलांना मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय सोडत नाहीत. आपल्या भोकरदनच्या बाईच्या अंगावर दागिने पुष्कळ, पण कपडे... म्हणून तिलाही तिथेच बसवलंय. वहिनी पदर सावरून, दोन्हीकडच्या भिंतींकडे न बघता सरळ चालत गेल्या, असं त्या म्हणतात. भावजी म्हणतात, "बघितलंन, सगळं बघितलंन." देव जाणे.

पण त्या मूर्तीपुढे उभ्या राहिल्या तशा हलेचनात. दोन्ही बाजूंना दोन दासी, मधे ही, पायात केवढे वाळे, गळ्यात माळा, वेणी पाठीवर. भावजींना भूक लागलेली, पिझ्झा खायचा तर नेपल्सलाच. म्हणाले, "चल गं." तर वहिनी अबोला सोडून पहिलं वाक्य काय बोलल्या? "तुम्ही तुमच्या म्हाताऱ्याशी दोन तास बोललात, मला माझ्या माहेरच्या बाईजवळ बसू द्या." झालं. भावजी गप्प. बाहेर जाऊन पाणी घेऊन आले.

रात्री त्या प्रोफेसरांनी लेक्चरमध्ये हिचा फोटो लावला आणि म्हणाले, हिंदुस्थानातून आलेली आहे. तेव्हा वहिनींनी हात वर केला हो! आपल्या वहिनींनी! भिशीचा हिशोब सांगतानाही ज्यांचा आवाज निघत नाही! म्हणाल्या, "फ्रॉम माय व्हिलेज." सगळी बोट वळून बघायला लागली. मग यांनी जे काय मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं... त्या काळच्या एका ग्रीक व्यापाऱ्याचं पुस्तक आहे ना, पेरिप्लस, त्यात लिहिलंय की पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर आणि पैठण-तेरचा माल गाड्यांवर लादून वाईट रस्त्यांनी भडोचला उतरतो, तिथून जहाजात. कल्याण, सोपारा, चौल, सगळी नावं आहेत त्यात. बदल्यात यायची दारू, तांबं, सोनं. त्यांचा तो प्लिनी म्हणून होता, तो कुरकुरायचा की दर वर्षी आमचे पाच कोटी सेस्टर्स हिंदुस्थान ओढून नेतो, बायकांच्या हौसेपायी. म्हणजे तेव्हाही खापर बायकांवरच! प्रोफेसर वही काढून लिहून घेत होते म्हणे. ती जर्मन बाई येऊन मिठी मारून गेली.

आणि दुसऱ्या दिवशी संकष्टी. मोरया गोसावींच्या गावच्या सुनेला संकष्टी सुटेल का? साबुदाणा तिथे कुठला! स्वयंपाकघरात एक मुलगा निघाला वेंगुर्ल्याचा. त्यानं दुपारी उकडलेले बटाटे, जिरं, हिरवी मिरची, असं लोण्यावर परतून आणून दिलं. कुणाला न सांगता हं, नाहीतर त्याच्या शेफनं... आता चंद्रोदय कधी? पंचांग इथलं, त्याचा काय उपयोग. तर वहिनी सरळ कॅप्टनकडे! आणि कॅप्टननं मिनिटासकट वेळ लिहून दिली. समुद्रावरच्या माणसाला चंद्र कधी उगवतो हे आपल्या गुरुजींपेक्षा बरं ठाऊक असणार. उशिरा, जेवणं आटपून सगळे डेकवर आले होते, कारण समोर स्ट्रॉम्बोली, तो ज्वालामुखी. दोन हजार वर्षांहून जास्त सारखा धुमसतोय, थोड्या थोड्या वेळानं लाल उसळी मारतो. लोक तिकडे कॅमेरे लावून, आणि आपल्या वहिनी पाठ फिरवून पूर्वेकडे ताम्हण धरून उभ्या. अर्घ्य दिलं, बाप्पाला गूळ दाखवला. मग जेवायला रिसोत्तो. मऊ भात, केशरातला. उपास सुटला.

आता व्हेनिस. राहिलंच ते! परवाच्या भिशीत वहिनींनी फोटो दाखवले, सगळं सांगितलं. भोकरदनचं ऐकून बायका गप्प झाल्या होत्या. डॉक्टरीणबाईंना ते सहन होईना. म्हणाल्या, "पण व्हेनिस नाहीच केलं ना तुम्ही? आमची बोट तर थेट आत..." आणि वहिनी, इतक्या गोड आवाजात, "अहो वहिनी, ते कसं काय जमलं तुम्हाला? प्रोफेसर सांगत होते, ऑगस्ट २०२१पासून पंचवीस हजार टनांवरच्या जहाजांना सान मार्कोपुढून जायला बंदी आहे. मोठ्या बोटी तिकडे मार्गेराला लागतात, कारखान्यांच्या बाजूला." मी चहा ओतत होते, किटली तशीच हातात. डॉक्टरीणबाईंचा चेहरा आधी लाल, मग पांढरा. म्हणाल्या, "असेल, मला तेव्हा डोळा लागला असेल." डोळा! चर्च हाताला लागत होतं म्हणे! पलीकडच्या जोशीणबाईंनी पदर तोंडात कोंबला.

पण वहिनी मनाच्या मोठ्या हो. लगेच म्हणाल्या, "आपण सगळ्याच एकदा कार्ल्याला जाऊ." म्हणजे बघा, आपण लोणावळा लोकलनं मळवलीला उतरतो, एकवीरेला ओटी भरतो, शेजारच्या लेण्यात शिरतो तेही गारव्याला. पण तिथल्या खांबांवर कोरलंय, कुठला खांब कुणी दिला. त्यात यवन आहेत, धेनुकाकटाहून आलेले. म्हणजे समुद्रापारची माणसं आपल्याकडे येऊन, राहून, खांब देऊन गेलीत. इथून किती लांब? तासाभराचा रस्ता. आपण कधी वाचलं का? इटलीच्या प्रोफेसरानं या लेण्याबद्दल विचारलं तेव्हा वहिनींना ते आठवलं आणि बघितलं नाही हे सांगताना त्यांचं तोंड एवढंसं झालं.

तर ठरलंय, येत्या शनिवारी. डॉक्टरीणबाई आपणहून म्हणाल्या, गाडी मी काढते, पण वहिनींनी लोकलचंच ठरवलं. भावजी येणार नाहीत, ते ताडपत्रीखालून चेतक काढून बसलेत. पोंतेदेराच्या त्या म्हाताऱ्याला रोज फोटो पाठवतात, तो उलट अंगठे पाठवतो. वहिनी त्या बेसनाच्या वड्या करणार आहेत भट्टीशिवाय, ओव्हनमध्ये, तेल तिकडचंच आणलंय. तुम्ही दही आणा, आणि लिंबाचं लोणचं तुमच्याकडचं. आणि हे बघा, डॉक्टरीणबाईंपुढे व्हेनिसचा विषय काढायचा नाही. काढलाच कुणी, तर मी तुम्हाला काही बोलले नाही.